लेकीच्या गावात लॉज

अंदमान कसं व्हतं, असं मला इचारू नका. परवा शेजारच्या जनकाबाईनं इचारलं, तिला बी मी हेच सांगितलं. समुद्र निळा व्हता, नारळाची झाडं व्हती, टीव्हीत दाखवतेत तसं सगळं व्हतं. पण माझं ध्यान तिकडं व्हतंच कुठं. मी तिथं सगळे दिवस एका माणसावर दातओठ खात फिरले, आन गावी साखऱ्याला परत आले तरी अजून खाऊनच राहिले. तो माणूस माझा नवरा हाय.

ज्ञानबा त्याचं नाव. गावात त्याला नेमाचा माणूस म्हणतेत. म्हणू द्या. नेमाच्या माणसासंग सारा जन्म चूल पेटवून बघा, मंग बोला.

त्याचा एक नेम असा, की लेकीला लेकरू व्हईपर्यंत तिच्या घरचा घास खायचा न्हाई आन पाणी बी प्यायचं न्हाई. आता हा रिवाज आमच्याकडं जुनाच हाय, ह्यानं काही नवा काढला न्हाई. माझ्या बापानं बी पाळला. पण माझ्या बापाला वर्साच्या आत नातू झाला. मंग तो माझ्या घरी आला, हातपाय धुतले आन पाटावर बसून पोटभर जेवला. संपला रिवाज. आमच्या दिपालीच्या लग्नाला सहा वर्सं झाली. दोनदा दिवस राहिले आन दोनदा खाली झालं.

आधी ती औंढ्यात सासरी व्हती. तवा ह्याचं बराबर जमायचं. नागनाथाच्या दर्शनाला म्हणून निघायचं, धर्मशाळेत उतरायचं, आन दिपालीला तिथंच बोलवून घ्यायचं. तिनं यायचं, मी घरून बांधून नेलेल्या भाकरी तिघांनी खायच्या, आन तिनं परत जायचं. तिचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून. बाप आपल्या उंबऱ्यात पाय ठेवत न्हाई, याचं तिला काय वाटत असंल ते मला तिच्या तोंडाकडं बघून कळायचं. पण मी बी गप ऱ्हायचे. म्हणायचे, आज ना उद्या व्हईल लेकरू.

मंग जावयाला, भागवतला, अंदमानात सरकारी नोकरी लागली. वेल्डर हाय तो. पोर्ट ब्लेअरला क्वार्टर मिळालं आन दोघं तिकडं गेली. यंदा संक्रांत झाली आन दिपालीचा फोन आला. म्हणली, "माय, मोठ्या डॉक्टरकडं सगळ्या तपासण्या झाल्या. मला लेकरू व्हणार न्हाई. रडू नको, माझं रडून झालंय. आबांना सांगू नको. तुमी दोघं इकडं या. एक डाव माझ्या घरी, माझ्या हातचं जेवू दे त्यांना. मंग मी माझ्या तोंडानं सांगते."

फोन ठेवला तवा माझ्या ध्यानात आलं. लेकरू व्हणार न्हाई, म्हणजे ह्याच्या नेमाला आता शेवटच न्हाई. हा माणूस ह्या डावाला तिच्या घरचं पाणी प्याला न्हाई, तर मरेपर्यंत पिणार न्हाई. आन लेक आमाला एकच हाय.

म्हणून मी त्याच्या मागं लागले. जाऊ, दुनिया बघू, समुद्र बघू, लेकीला बघू. तो चटकन तयार झाला, ह्याचंच मला नवल वाटलं. मेंढरं धाकट्या दिराच्या हवाली केली. घरच्या शेंगा, हळद, ज्वारीचं पीठ असं सगळं बांधलं. ह्यानं अंथरूण-पांघरुणाची वळकटी बी बांधली. मी म्हणलं, "आवो, लेकीच्या घरी काय अंथरूण नसंल का?" त्यानं वळकटीची दोरी आणखी आवळली. हिंगोलीला गाडीत बसलो, गाडी हलली, तवा तोंड उघडलं.

म्हणला, "तिथं देऊळ असंलच ना? देऊळ म्हणलं की धर्मशाळा आली. स्वस्तात खोली मिळंल. जावयाच्या घरी कशाला तकलीफ द्यायची."

मी म्हणलं, "ते बेट हाय. समुद्राच्या मधी. औंढा न्हाई."

"माणसं ऱ्हातेत ना तिथं? मंग देव बी असंल आन धर्मशाळा बी असंल."

तळपायाची आग मस्तकाला गेली माझी. पण डबा माणसांनी भरलेला. काय बोलणार. मनात म्हणलं, एकदा लेक समोर उभी राहिली की विरघळंल. हैदराबादला भाचा दिपक आला, त्यानं विमानात बसवून दिलं. विमानात बी ह्या माणसाला वळकटीचीच काळजी. खाली टाकून तर देणार न्हाईत ना, असं विमानात काम करणाऱ्या पोरीला इचारत व्हता.

विमानतळावर दिपाली उभी. भागवतला कामावरून सुट्टी न्हाई मिळाली. पोरीनं नवी साडी नेसलेली, केसांत गजरा. पाया पडली. अंगानं वाळलेली, पण तोंडावर लग्नात व्हतं तसं हसू. म्हणली, "चला आबा, घर जवळच हाय. पाणी तापवून ठेवलंय."

हा म्हणला, "आधी खोली बघू."

"कसली खोली?"

"उतरायची."

तिचं हसू तिथंच उतरलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "बास करा आता हे. लेक एवढ्या लांब ऱ्हाते, इथं कोण बघाय येणारंय?" तर मला म्हणतो, "नेम काय लोकांसाठी असतो का?" आन ऑटोवाल्याला इचारायला पुढं. "भैया, मंदिर किधर है? धर्मशाळावाला मंदिर."

मला वाटलं दिपाली रुसून घरी जाईल. जायला पाहिजे व्हतं. पण पोरगी बापाची वळकटी काखेत मारून त्याच्या मागं चालायला लागली. लेकच ती. बापाला परक्या गावात एकटं कसं सोडील.

देऊळ सापडलं. रंगीबेरंगी, वर मूर्तीच मूर्ती. पुजाऱ्याला ह्यानं हात जोडले, धर्मशाळा इचारली. पुजारी तिकडच्या बोलीत काही तरी बोलला. दिपालीला थोडं कळतं, ती म्हणली, "आबा, इथं तसलं काही नसतंय. इथं लोक फिरायला येतेत, हॉटेलात ऱ्हातेत." ह्याचा इश्वासच बसंना. देवळाच्या मागं जाऊन बघून आला. मागं नुसती भिंत आन नळ.

मंग लॉज. उन्हाचं काय सांगू. आपल्याकडचं ऊन कोरडं असतंय, तिथं अंगावर ओलं फडकं टाकून वरून शेकल्यासारखं. साडी अंगाला चिकटलेली. पहिल्या लॉजवर कुठल्या तरी सहलीची माणसं भरलेली. दुसऱ्यावर दर ऐकूनच हा पायऱ्या उतरला. तिसऱ्यावरचा म्हणला, फोनवर आधी सांगून यायला पाहिजे. ह्यानं दर जागी एकच सांगायचं, "सस्तेवाला दिखाव. नीचे सोयेंगे तो भी चलेगा. बिस्तर हमारा है." लोक ह्याच्याकडं बघायचे, मंग वळकटी घेतलेल्या दिपालीकडं बघायचे. माझी लेक तिथं नोकरदाराची बायको म्हणून ऱ्हाते. तिला रस्त्यात दोन बाया ओळखीच्या भेटल्या, काय वैनी, पाहुणे आले का म्हणल्या. ती व्हय म्हणली. पाहुणे घेऊन लॉज काहून धुंडाळून राहिली, ते तिनं सांगितलं न्हाई.

मधी तिनं तीन शहाळी घेतली. आमच्या हातात दिली. मी घटाघटा पिले. हा शहाळं हातात धरून उभा. मी म्हणलं, "आता काय झालं?" तर इचार करत व्हता. लेकीनं घेतलेलं शहाळं, पण रस्त्यावर, मंग हे तिच्या घरचं धरायचं का न्हाई. शेवटी शहाळं मला दिलं आन स्वतः जाऊन दुसरं घेतलं. दिपाली तोंड फिरवून समुद्राकडं बघत राहिली. मला त्या शहाळ्यानंच त्याचं टाळकं फोडावं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाजाराच्या मागच्या गल्लीत शेवटी एक खोली सापडली. जिन्याच्या खाली. खिडकी न्हाई, पंखा हलतोय नुसता, गादीला ओल सुटलेली आन भिंतीला पोपडे. आमच्या मेंढरांचा कोठा त्याच्यापेक्षा हवेशीर हाय. हा म्हणला, "चालतंय. झोपायलाच तर पाहिजे."

आता ऐका. तो बाहेर मॅनेजरजवळ गेला, आन माझी लेक त्या खोलीत शिरली. पदर खोचला. कोपऱ्यातला झाडू घेतला आन खोली झाडायला लागली. गादी उभी करून झटकली, नळ सोडून बघितला, वळकटी सोडून बापाचं अंथरूण नीट घातलं. तिच्या घरी पाणी तापून थंड झालेलं, पुरण शिजवून ठेवलेलं, आन ती लॉजची खोली झाडून राहिली. मी दारात उभी. मला रडू आलं न्हाई. मला एवढा राग आला व्हता की रडायला जागाच न्हाई राहिली.

मॅनेजरचं टेबल खोलीला लागूनच. तो आधार कार्डं बघत व्हता. सरळ माणूस, त्याचं काही चुकलं न्हाई. त्यानं सहज इचारलं, "यहाँ आपका कोई है? कोई रिश्तेदार?"

ज्ञानबा म्हणला, "कोई नहीं."

झाडूचा आवाज बंद झाला.

मला ठाऊक हाय तो काहून तसं म्हणला. लेक हाय म्हणलं असतं, तर तो माणूस म्हणला असता, मंग लॉजवर कशाला आले. ती लाज वाचवायला म्हणला. पण तोंडातून जे निघालं ते निघालं. भिंतीच्या पलीकडं लेक उभी हाय हे त्याला ठाऊक व्हतं.

दिपाली बाहेर आली. हात धुळीनं भरलेले. आवाज चढवला न्हाई तिनं. बापासमोर उभी राहून म्हणली, "आबा, मला लेकरू व्हणार न्हाई. डॉक्टरनं सांगितलं. कधीच न्हाई व्हणार. हे मी तुमाला माझ्या घरी, जेवण झाल्यावर सांगणार व्हते. आता तुमी कशाची वाट बघून राहिले?"

मॅनेजरला मराठी काय कळणार, पण त्यानं मान खाली घातली. ज्ञानबा उभा. मला वाटलं, आता बोलंल. आता लेकीच्या डोक्यावर हात ठेवील. चल घरी, म्हणंल. आमी दोघी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो.

तो मॅनेजरकडं वळला आन म्हणला, "चाबी दो."

मी माझी पिशवी उचलली. त्याला एक शब्द बोलले न्हाई. दिपालीचा हात धरला आन रस्त्याला लागले.

तिचं घर कसं हाय ते सांगते. पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या. दारात रांगोळी, आमच्यासाठी काढलेली. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली पलंग, त्याच्यावर नवी चादर, घड्या मोडलेल्या न्हाईत. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसती. आबांना पहाटं जाग येती, त्यांना पडल्या पडल्या पाणी दिसावं म्हणून पलंग तिकडं सरकवला, असं ती म्हणली. रंगाच्या डब्यात तुळस. भिंतीवर आमच्या दोघांचा फोटो, तिच्या लग्नातला. पोळपाटाशेजारी पुरण झाकून ठेवलेलं.

मी म्हणलं, "पाणी दे." तिनं तांब्या भरून आणला. मी सगळा तांब्या प्याले, परत भरायला लावला आन परत प्याले. मंग पाटावर बसले आन चार पुरणपोळ्या खाल्ल्या. माझा बी नेम व्हता की सहा वर्सं. मोडला. काही आभाळ कोसळलं न्हाई. मंग दिपाली माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. रडून झालंय म्हणली व्हती फोनवर, कुठलं रडून झालंय.

पुढचे दिवस हा लॉजवर आन मी लेकीच्या घरी. सकाळी यायचा आन खाली रस्त्यावर उभा राहून हाक मारायचा. भागवतनं खाली जाऊन ह्याचे पाय धरले. म्हणला, मामा, माझ्यासाठी तरी वर चला. हा म्हणतो, "तकलीफ घेऊ नका जावईबापू. खोली चांगली हाय." डास चावून चावून तोंड सुजलं व्हतं, आन खोली चांगली हाय.

घरच्या शेंगा त्यानं पिशवीसकट दिपालीला दिल्या. देणं चालतंय, घेणं चालत न्हाई. तिनं त्यातल्या मूठभर भाजल्या आन दुसऱ्या दिवशी समुद्रावर जाताना पुडीत बांधून नेल्या. वाळूत बसलो तवा पुडी ह्याच्यापुढं धरली. ह्याच्याच रानातल्या शेंगा, ह्यानंच उपटलेल्या. हातात घेतल्या, वास घेतला आन इचारलं, "कुठं भाजल्या?"

दिपालीनं पुडी परत घेतली आन शेंगा वाळूत ओतल्या. मंग मी त्याच्याशी बोलायचंच सोडलं. हिंगोली येईपर्यंत बोलले न्हाई. निघताना पोरगी खाली येऊन त्याच्या पाया पडली. तो म्हणला, सुखी ऱ्हा. मी म्हणलं असतं काही तरी, पण भागवत समोर व्हता.

आन गावात आल्यावर काय केलं ह्यानं? मारुतीच्या पाराजवळ बसून सांगितलं, अंदमानात बी लॉजवर राहिलो, नेम मोडू दिला न्हाई. चार माणसांनी माना डोलावल्या. ते माझ्या कानावर आलं. त्या दिवशी तो घरी आला, ओसरीवर टेकला आन नेहमीसारखं म्हणला, "पाणी दे गं."

मी चुलीपुढून म्हणलं, "इथं कोणी न्हाई."

त्याला आधी कळालं न्हाई. परत म्हणला, "अगं, पाणी."

"कोई नहीं," मी म्हणलं.

मंग कळालं. त्या दिवसापासून तो रांजणातून स्वतः पाणी घेतोय. भाकरी मी करते, टोपल्यात ठेवते, वाढत न्हाई. जाऊबाई म्हणली, शालूबाई, म्हाताऱ्याला किती दिवस असं करणार. मी म्हणलं, लेकीच्या घरी पाणी प्याला की माझ्या हातचं बी मिळंल. तो बी गावाला हे सांगत न्हाई. पारावर जाणं बी कमी झालंय त्याचं.

काल दुपारी मी ओसरीवर बियाणाच्या शेंगा फोडत बसले व्हते. तो कोठ्याकडून आला आन समोर बसला. सुपातली एक शेंग घेतली, फोडली, दाणे हातातच ठेवले. एवढ्या दिवसांत तो समोर येऊन असा बसला नव्हता. मी वर बघितलं न्हाई.

मंग म्हणला, "आतून कसंय गं दिपीचं घर?"

सहा वर्सं तो जावयाचं घर म्हणत आला. माझ्या तोंडाशी सगळं आलं. पलंग, चादर, तुळस, खिडकीतली समुद्राची पट्टी, ती कुणासाठी व्हती ते. सांगितलं असतं तर ह्यानं डोळे मिटून तेवढ्यावरच भागवलं असतं, आन आपण लेकीच्या घरी जाऊन आलो असं मनाला समजावलं असतं. चांगला ओळखते मी त्याला.

म्हणलं, "मी सांगणार न्हाई. पाय हायत तुमाला. जाऊन बघा."

त्यानं हातातले दाणे सुपात टाकले. मंग उठला, रांजणाजवळ गेला, तांब्या भरला. प्याला न्हाई. तांब्या तसाच हातात धरून बाहेरच्या दाराकडं बघत उभा राहिला.